बोटीचा शिधा

सगळं बंद होतं त्या वर्षी आमच्या घरात वीसेक माणसं जेवत होती. एरवी पावसाळ्यात एवढी नसतात. मासेमारीला बंदी लागली, बोट वाळूवर ओढून शाकारून ठेवली, की खलाशी आपापल्या गावी जातात आणि नारळी पुनवेच्या आधी परत येतात. आमचे खलाशी दिघीच्या पलीकडचे. त्या वर्षी आगरदांड्याची फेरीबोट कधी चालू तर कधी बंद असायची, आणि त्यांच्या गावांनी वेशीवर बांबू आडवे बांधले होते. मग ते सातही जण आमच्याकडेच राहिले. ओटीवर झोपायचे, दिवसभर जाळी दुरुस्त करायचे आणि आमच्याच पंगतीला जेवायला बसायचे.

आम्ही थळच्या बाजूचे कोळी. घरात मोठे काका, म्हणजे आमची बोट हाकणारे तांडेल, मोठी काकी, माझे आईबाबा, धाकटे काका-काकी, म्हाताऱ्या आत्याबाई आणि आम्ही भावंडं. मी तेव्हा अलिबागला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, पण कॉलेज त्या दिवसांत मोबाईलवर आलेलं. माचीवर चढलं की नेटवर्क मिळायचं, म्हणून मी सुकट वाळत घालायच्या बांबूच्या त्या उंच माचीवर बसून तास ऐकायचे. त्यामुळे पुढे जे झालं ते सगळं मला बघायला मिळालं. मी फार काही केलं नाही, हे आधीच सांगते.

नारळी पुनव जवळ आली तसं वाडीत वारं बदललं. एवढे महिने सगळे भिंतीला टेकून बसलेले. आता इंजिनं सुरू करून बघत होते, बाया बर्फाच्या पेट्या घासत होत्या, आणि रात्री जेवताना बाबा नि काका फक्त पाण्याबद्दल बोलत होते. मलाही अभ्यासात लक्ष लागेना.

बोट निघायची तर तीन गोष्टी लागतात: डिझेल, बर्फ आणि शिधा. डिझेल आणि बर्फ काका बघायचे. शिधा घरच्या बायका बघतात. खोल पाण्यात गेलेली बोट चार-सहा दिवस परतत नाही, तोवर सगळ्यांचं खाणं बरोबर लागतं. तांदूळ, तेल, मीठ-मसाला, साखर, चहापूड. मासा काय, तिथे मिळतोच. पण भाताशिवाय खलाशी जाळं ओढत नाहीत. वर्षानुवर्षं शिधा मोठी काकी भरायची. त्या वर्षी पहिल्यांदाच तिने तो आईकडे दिला. कारण काही सांगितलं नाही. सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाली की यंदा बोटीचं तू बघ, माझे गुडघे दुखतात. आईने मान हलवली आणि दिवसभर एकटीच हसत होती.

ते हसू दोन दिवस टिकलं. आमचा नेहमीचा वाणी, जो बोटीला लागेल तेवढं पोत्याने द्यायचा, त्याच्याकडे माल आलाच नव्हता. त्याच्या दुकानात साबण, काड्यापेट्या आणि बिस्किटं उरली होती. रेशनचा तांदूळ होता, पण खलाशांचं कार्ड त्यांच्या गावचं. आमच्या कार्डावरचा तांदूळ त्यांच्यासकट सगळ्यांनी मिळून कधीच संपवला होता. पिठाच्या डब्यात नाचणी होती. नाचणीवर घर चाललं असतं. बोट चालली नसती.

आणि बोट सगळ्यांच्या बोटींबरोबर निघाली नाही तर खलाशी थांबणार नव्हते. त्यात त्यांची चूक नव्हती. पलीकडे त्यांची बायकापोरं कित्येक महिने पहिल्या खेपेची वाट बघत बसली होती, आणि शेजारच्या बोटवाल्याला माणसं कमीच पडत होती. तो आमच्या ओटीपुढून जाताना उगाच विचारायचा, "काय मग, कधी निघता?" आई त्याला बघून आत जायची.

राहिला अलिबागचा मॉल. तो काही खरा मॉल नाही, एक मोठं दुकान आहे, आपण ढकलगाडी घेऊन हवं ते उचलायचं. पण आमच्याकडे सगळे मॉलच म्हणतात. तिथे तांदूळ आहे अशी बातमी आली, आणि पाठोपाठ दुसरी आली की एका गिऱ्हाइकाला मोजकाच देतात. तांदळाच्या दोन पिशव्या, तेलाच्या तीन, साखर एक, चहा एक.

मोठ्या काकीने रात्रीच्या जेवणाला योजना मांडली. सगळ्यांनी जायचं. म्हाताऱ्या आत्याबाई आणि लहान पोरं सोडून घरातलं प्रत्येक माणूस, खलाशीसुद्धा. टेम्पो दूर उभा करायचा. एकेकाने उतरायचं, मध्ये दुसरी माणसं सोडून रांगेत लागायचं. कुणी कुणाला ओळखायचं नाही. कुणी कुणाला हाक मारायची नाही. ह्या शेवटच्या अटीवर सगळ्यांनी धाकट्या काकाकडे बघितलं, कारण त्याचं साधं बोलणंही बंदरावरून खडकापर्यंत ऐकू येतं. तो म्हणाला की मी तोंडात तंबाखू धरून ठेवतो. काकी म्हणाली, मास्कच्या आत थुंकशील काय?

सकाळी आम्ही मासळीच्या टेम्पोतून निघालो. मला एवढा आनंद झाला होता की तो लपवायला मी तोंड बाहेरच्या बाजूला फिरवून बसले. कित्येक महिन्यांनी रस्ता दिसत होता. खताच्या कारखान्याच्या चिमण्या, पोयनाडकडे जाणारा फाटा, बंद खानावळी, सगळं मी पाहुण्यासारखं बघत होते. खलाशी गप्पा मारत होते. त्यांच्यातला एक, वयाने बाबांएवढा, बोटीवर भात शिजवायचं काम त्याचं, तो म्हणाला की मी मॉलमध्ये कधी गेलेलो नाही, आत चपला काढायच्या का. सगळे हसले, पण मी बघितलं की उत्तर ऐकायला सगळ्यांनीच कान दिला होता. मी म्हटलं, नाही काढायच्या. मला तेवढंच माहीत होतं.

ठरल्याप्रमाणे आम्ही उतरलो, पांगलो, रांगेत लागलो. जमिनीवर पांढऱ्या रंगाचे गोल आखलेले. मी माझ्या गोलात उभी राहून समोर बघत होते. मोठे काका माझ्यापुढे पाच-सहा माणसं सोडून होते आणि इतके अनोळखी चेहऱ्याने आभाळाकडे बघत होते की मला वाटलं हे जमणार. धाकटा काका गप्प होता. आई, काकी, बाबा, सगळे आपापल्या गोलात. रांग सरकत होती. दार जवळ येत होतं.

दारावरचा वॉचमन हातावर सॅनिटायझर मारत होता. त्याने काकांच्या हातावर मारलं. मग एक माणूस. मग काकी. मग दोन माणसं. मग एक खलाशी. तिथे तो थांबला. त्याने खलाशाकडे बघितलं, मग मागे वळून काकीकडे, आणि मग हळूहळू पूर्ण रांगेवरून नजर फिरवली.

"काय हो," तो म्हणाला, "वरात कुणाची?"

तेव्हा मलाही दिसलं. आम्हा सगळ्यांच्या तोंडावर एकच मास्क होता. गडद गुलाबी, त्यावर सोनेरी कोयऱ्या.

हे कसं झालं ते सांगायला हवं. नारळी पुनवेला आमच्या घरच्या बायका एकसारख्या साड्या नेसून मिरवणुकीत जातात. त्या वर्षीच्या साड्या काकीने शिमग्याच्या आधीच घाऊक आणून ठेवल्या होत्या. मग सगळं बंद झालं, शिंपी बंद झाला, मिरवणूकही होणार नव्हती, आणि साड्यांचे ब्लाऊजपीस तसेच पडून होते. आईने मशीनवर त्यांचे मास्क शिवले. बायकांना, बाप्यांना, पोरांना, खलाशांना. महिनोन्‌महिने आम्ही घरात, अंगणात, वाळूवर तेच घालून वावरत होतो. एकमेकांची तोंडं आम्हाला तशीच दिसायची. अनोळखी व्हायचं ठरवताना त्या गुलाबी रंगाचा विचार एकाच्याही मनात आला नाही. आमच्या तांडेलाच्या भरघोस मिशांवर सोनेरी कोयरी होती आणि ते आभाळाकडे बघत होते.

रांगेतली माणसं हसायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, जेवण कुठे ठेवलंय. धाकट्या काकाला राहवलं नाही, तो म्हणाला, "अजून तांदूळच न्हाय, जेवण कुठलं?" त्याचा आवाज तसाच सुटला, आणि उरलासुरला संशयही फिटला.

वॉचमनने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, चष्म्यावर वाफ धरलेली. चिडला नव्हता, दमला होता. त्याने आम्हाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की एका घराला एकदाच. असं अख्ख्या घराने येऊन उचललं तर मागच्यांनी काय खायचं? ते खरंच होतं. मागच्या रांगेत एक बाई दोन लहान मुलं घेऊन उभी होती आणि तिच्याकडे बघायला मला लाज वाटली. मग मॅनेजरने स्वतःच विचारलं की तुम्ही सगळे एकत्र राहता की वेगवेगळे? चुली वेगळ्या असतील तर घरं वेगळी धरू, प्रत्येक घराचं मिळेल. मला नुसतं सांगा, चुली किती?

तो आपला सोय करत होता. त्याला काय माहीत. आमच्या वाडीत भाऊ वेगळे होतात तेव्हा पहिली चूल वेगळी होते. मग जाळी वाटली जातात, मग बोट विकली जाते आणि मग एका अंगणात कुंपण येतं. आमच्या उजवीकडच्या घरात असं झालं होतं, डावीकडच्याही. आमची चूल एक आहे, हे काकी कुठेही, कुणालाही सांगायची. लग्नाला आलेल्या पाहुण्यालाही सांगायची.

आणि आमच्या घरात वेगळ्या चुलीचा शब्द एकदाच निघाला होता. माझ्या कॉलेजच्या वेळी. काकीचं म्हणणं होतं की बारावी झाली, पुष्कळ झालं, आता मासळीच्या टोपलीला हात लावू दे. आई कधी उलटून बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली की मग माझी चूल वेगळी मांडून द्या, मी शिकवते माझ्या पोरीला. पुढे मला कॉलेजला पाठवलं. काकीनेच माझ्या बसच्या पासाचं बघितलं. पण आई जे बोलली ते कोणी विसरलं नाही, आणि कोणी पुन्हा काढलंही नाही.

तर मॅनेजर विचारत होता, चुली किती. तीन म्हटलं असतं तर तिप्पट तांदूळ मिळाला असता आणि बोट आरामात निघाली असती. सगळे काकीकडे बघत होते. काकीची नजर जमिनीवरच्या पांढऱ्या गोलावर होती. ती म्हणाली, "एक."

मॅनेजर म्हणाला, नीट विचार करा मावशी. काकी पुन्हा तेच म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे शेजारचा बोटवाला आला, कधी निघता विचारणारा. मी आईकडे बघितलं, कारण शिधा तिचा होता. तिने दोन्ही हातांनी पदर धरला होता. ती दीर-जावांच्या पुढे, चारचौघांत बोलायला लागली तेव्हा मला आधी कळलंच नाही की हा तिचाच आवाज आहे.

"घरातली एक," आई म्हणाली. "बोटीची वेगळी हाय ना, बाय."

काकीने मान वर केली.

"बोटीवर चूल हाय," आई मॅनेजरला म्हणाली, पण बघत होती काकीकडे. "आमी त्या चुलीवर कधी जेवत न्हाय. आणि ते बोटीवर गेले की आमच्या चुलीवर जेवत न्हाईत. त्यांचं रांधणारा पण वेगळा."

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. मग त्याने विचारलं की त्या घराचं माणूस कोण? कोणी पुढे होईना. मग आमचा भात शिजवणारा खलाशी, ज्याने चपलांचं विचारलं होतं, तो गुलाबी मास्क सारखा करत पुढे आला.

"घरात माणसं किती?"

"आमी सात. तांडेल आणि त्यांचा भाऊ धरून नऊ."

"बायका?"

"न्हाय. बाईमाणूस एक पण न्हाय."

"मग स्वयंपाक?"

"मीच की."

"घर कुठे आहे?"

"सध्या वाळूवर हाय," तो म्हणाला. "पुनवेनंतर पाण्यात."

रांगेतून हसण्याची लाट आली. दोन मुलं घेऊन उभी असलेली बाईसुद्धा हसली, आणि पहिल्यांदा तीच बोलली की द्या हो त्यांना, त्यांचं घर तरंगतंय. मॅनेजरलाही हसू आवरेना. म्हणाला, दोन घरं. दोनच. घरातून एकेक माणूस आत जाईल.

जमिनीवरच्या घरातून आई गेली, पाण्यावरच्या घरातून खलाशी. मला आत जायची फार इच्छा होती, तेव्हा आईने मॅनेजरला विचारलं की माझ्या पोरीला आणू का, मला पाट्या वाचता येत नाहीत. खरं तर आईला येतात. तिसरीपर्यंत शिकली आहे, सगळं वाचते. पण मी पटकन आत शिरले.

आत एसी इतका होता की अंगावर काटा आला. खलाशी ढकलगाडी बोटीसारखी चालवत होता, वळण आलं की आधी मागचा भाग फिरवायचा. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या. तांदळापाशी मात्र पिशव्या रचलेल्या दिसल्या, आणि आईने त्यातली पहिली दोन्ही हातांनी उचलली तेव्हा तिने ती छातीशी धरली. खलाशाने त्याच्या घराच्या उचलल्या. तेल, साखर, चहा, दोघांनी आपापलं घेतलं, आणि मी मोजलेलं पुन्हा मोजत मागे चालत होते. वाटेत एका काचेच्या पेटीत गोठवलेली मासळी होती. आई तिथे वाकली, पाकीट दाबून बघितलं आणि खलाशाला म्हणाली की दगड आहे दगड. तो म्हणाला, याचे डोळे कुठे गेले? मग दोघं एवढे हसले की एक पोरगा येऊन विचारून गेला, काही हवंय का.

दुप्पट मिळालं, तरी बोटीला लागतं तेवढं ते नव्हतं. टेम्पोत बसल्यावर पिशव्या मध्ये ठेवल्या आणि सगळे त्यांच्याभोवती बसलो. काका म्हणाले की एवढ्यात सहा दिवसांची खेप होणार नाही. सगळं बोटीला दिलं तर चार दिवस निघतील. घराला तर हवंच. आई म्हणाली की घराचंही बोटीला द्या, घरात नाचणी आहे, सुके बोंबील आहेत. तिने हे काकीला विचारलं नाही, आणि ते आईच्याही लक्षात आलं असावं, कारण ती एकदम पिशव्यांच्या गाठी तपासायला लागली.

काकी आईच्या समोर बसली होती. तिने मास्क हनुवटीखाली ओढला.

"घे," काकी म्हणाली. "मागत होतीस ना? मिळाली तुजी चूल. लांब, पाण्यावर."

मला वाटलं आता काहीतरी होणार. आईने काकीकडे बघितलं. मग तिच्या गुलाबी मास्कच्या कडा हलायला लागल्या, आणि ती हसते आहे की रडते आहे हे आम्हाला कळेना, तोवर काकीच हसायला लागली. मग धाकट्या काकाने इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम सोडलं. ड्रायव्हरने टेम्पो थांबवून विचारलं, टायर फुटला काय.

पुनवेला मिरवणूक निघाली नाही. घरच्या घरी आम्ही नारळ घेऊन पाण्यापर्यंत गेलो, बायकांनी गुलाबी साड्या नेसल्या, ब्लाऊज मिळतील ते. काकांनी नारळ सोडला. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना बोटी निघाल्या. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बर्फाच्या पेट्या, पाण्याचे कॅन आणि शेवटी शिधा वर दिला. तांदूळ आईने कुणाच्या हातात दिला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेऊन स्वतः गेली आणि भात शिजवणाऱ्या खलाशाच्या हातात देत बोलली की तुझं घर नीट सांभाळ. तो म्हणाला, व्हय, मालकीणबाई. बाबांनी इंजिन सुरू केलं. शेजारची बोट आमच्या मागून होती, हे मी मुद्दाम बघितलं.

पुढचे चार दिवस घरात नाचणीची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कधी सुका जवळा. धाकटी भावंडं भात मागायची. काकी त्यांना सांगायची की भात कामाला गेलाय, येईल. मी माचीवर बसून तास ऐकायचे आणि मोबाईल बाजूला धरून क्षितिजाकडे बघायचे. शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा मला प्रश्न विचारला आणि मी म्हटलं, अजून दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, काय दिसत नाही? मी म्हटलं, बोट. त्या काही रागावल्या नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी दिसली. आधी डोलकाठी, मग झेंडे, मग पूर्ण बोट, पाण्यात खोल बसलेली. म्हणजे रिकामी नव्हती. मी माचीवरून उडी मारली, मोबाईल तसाच चालू राहिला. सगळी वाडी वाळूवर धावत होती. काकी गुडघे दुखणारी, पण आमच्या पुढे. आई तिच्या मागे, मग मी.

बोट टेकली. पहिला खाली उतरला तो भात शिजवणारा खलाशी, छातीएवढ्या पाण्यातून पेटी ओढत. काकी जन्मभर मासळी विकलेली बाई. बोट आली की तिचा पहिला प्रश्न एकच असायचा, काय लागलं. पापलेट की सुरमई, की नुसता कचरा. त्या दिवशी तिने पेटीकडे बघितलंच नाही.

"जेवलात काय रे पोटभर?" तिने विचारलं.

"भात काल रात्री संपला," खलाशी म्हणाला. "पण रोज दोन वेळा झाला."

काकीने वळून आईकडे बघितलं, आणि आईने मान हलवली, कुणीतरी शाबासकी दिल्यासारखी. मग काकीने पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि विचारलं, "बरं, आता दाखव काय लागलं ते."